व्हिनाइल कटर: गोल जुळत नाही, कोपरे गोलसर येतात

प्रश्न:
चिकट व्हिनाइलमधून अक्षरं कापणारा २८ इंची साधा कटर आहे, स्टेपर मोटरचा. ब्लेड ४५ अंशांचं, दाब १२० ग्रॅम, वेग सेकंदाला ३०० मिमी. ५० मिमी उंचीचं अक्षर कापलं की ‘ठ’चा गोल बंद होत नाही, सुरुवात आणि शेवट यांत अर्धा मिमी राहतो. ‘म’चे कोपरेही बोथट. वीडिंग करताना, म्हणजे अक्षराभोवतीचं नको असलेलं व्हिनाइल काढताना, त्या न कापलेल्या ठिकाणी अक्षर सोबत उचकटून येतं. दाब १६० केला तर बॅकिंग पेपर (व्हिनाइलखालचा कागद) चिरला, फट मात्र तशीच. बेल्ट सैल झाला असेल का?

उत्तर १:
बेल्टला हात लावायच्या आधी ब्लेड काढून पेन बसवा. सॉफ्टवेअरमध्ये ब्लेड ऑफसेट (होल्डरच्या मध्यापासून ब्लेडच्या टोकाचं अंतर) शून्य करा, दाब ३०–४० ग्रॅमवर आणा आणि तोच ‘ठ’ कागदावर काढा. पेनचा गोल जुळला तर मशीन ठीक, दोष ब्लेडकडे. पेननेही फट राहिली तर बेल्ट, पुली किंवा पिंच रोलर (व्हिनाइल वरून दाबून धरणारी चाकं) यांचा दोष. फाइलवर संशय नको: एचपीजीएलचं, म्हणजे कटरला दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या भाषेचं, एक एकक ०.०२५ मिमीचं, अर्धा मिमी म्हणजे अशी २० एककं झाली. एवढी चूक फाइलमधून येत नाही.

प्रश्नकर्ता:
पेनने गोल अगदी बरोबर जुळला. ऑफसेटच्या रकान्यात आधीपासूनच ० होतं.

उत्तर २:
मग सापडलं. ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यावर नसतं, किंचित बाजूला असतं आणि मागून ओढलं जातं. हे अंतर सॉफ्टवेअरला कळलं नाही तर प्रत्येक वळणावर टोक मागे राहतं. ०.२५ मिमी भरा आणि १० मिमीचा चौकोन कापून भिंगाखाली बघा. कोपरा गोलसर असेल तर ०.०५ने वाढवा, कोपऱ्यावर बाहेर शिंग निघालं तर तेवढंच कमी करा. मशीनच्या पॅनेलवरही ऑफसेट असेल तर एकाच ठिकाणी ठेवा, नाहीतर भरपाई दुप्पट होते.

ब्लेडची लांबीही चुकलेली दिसते. होल्डर हातात धरून व्हिनाइलच्या तुकड्यावर जोर देऊन रेघ ओढा. व्हिनाइल आरपार कापलं गेलं पाहिजे आणि बॅकिंगवर जेमतेम ओरखडा उमटला पाहिजे. साध्या व्हिनाइलला टोक ०.२ ते ०.३ मिमी बाहेर पुरतं. लांबी बसली की ८० ग्रॅमपासून १०–१० ग्रॅमने चढा. बॅकिंग चिरत असताना दाब वाढवू नका, त्याने ब्लेडखालची पांढरी पट्टी कापली जाते. मग त्या खाचेवर ब्लेड घसरतं आणि एकाच रेषेत कधी खोल, कधी उथळ कापतं. पट्टीवर नख फिरवून बघा. खाच लागली तर पट्टी बदला.

उत्तर ३:
ऑफसेट बरोबर असूनही ब्लेड होल्डरमध्ये मोकळं फिरत नसेल तर उपयोग नाही. ब्लेड बाहेर काढलं की बेअरिंगशी व्हिनाइलचे केसासारखे बारीक तंतू गुंडाळलेले दिसतात. ते चिमट्याने काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, ब्लेड परत बसवा. बोटाच्या हलक्या धक्क्याने ते न अडकता फिरलं पाहिजे आणि आडवं हलता कामा नये. आडवं हलत असेल तर होल्डरच बदला, ऑफसेटच्या आकड्याने ते सुधारत नाही.

वेगाबाबत माझं मत ठाम आहे: ५० मिमीच्या अक्षरांना ३०० फार झाला, १०० ते १५० ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरकट (सुरुवातीच्या बिंदूच्या थोडं पुढेपर्यंत कापणं) असेल तर ०.३ मिमी द्या, पण शेवटी. आधी दिला तर खरा दोष झाकला जातो.

प्रश्नकर्ता:
बेअरिंगमध्ये खरंच तंतू होते. ऑफसेट ०.३०, दाब ९०, वेग १२०: ‘ठ’ जुळला. पण दोन मीटरच्या पट्टीवर शेवटची अक्षरं ४ मिमी खाली सरकतात.

उत्तर १:
तो वेगळा दोष आहे, व्हिनाइल तिरपं जातंय. लागेल त्याहून थोडं जास्त व्हिनाइल रोलवरून आधीच सोडवून सैल ठेवा. मोटरने जड रोल ओढू नये. पिंच रोलर खालच्या खरखरीत रोलरवरच बसलेत ना, आणि दोन्हींचा दाब सारखा आहे ना, ते बघा. कापण्याआधी दोन मीटर पुढे-मागे फिरवा. कड सरकली तर रोलर वर करून सरळ लावा आणि पुन्हा फिरवून बघा.