मदत हवी आहे: भातानंतरच्या कडव्या वालात अंतर किती, खत किती?

नमस्कार मंडळी. रोहा तालुक्यात (रायगड) आमची 10 गुंठे भातखाचरं आहेत. भात कापला की उरलेल्या ओलीवर कडवा वाल करतो. पाण्याची सोय नाही. आजवर बी फोकूनच टाकत आलो, यंदा ओळीत टोकायचा विचार आहे.

गेल्या हंगामात बांधाकडेला बी विरळ पडलं होतं. तिथली झाडं बुंध्यापासून फुटली, शेंगांनी लगडली. मधे मात्र दाटी झाली: पाला भरपूर, खालची फुलं गळाली, शेंगा मोजक्या. म्हणून अंतर वाढवावंसं वाटतंय. पण 30 × 15 सेंमीला (दोन ओळींत 30, दोन झाडांत 15) 10 गुंठ्यांत 22 हजारांवर झाडं बसतात, 45 × 15 ला 15 हजारही नाहीत. एवढी तूट उरलेली झाडं भरून काढतात का?

दुसरं म्हणजे खत. कडधान्याला हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद सांगतात, म्हणजे मला डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) साधारण 11 किलो. वर युरिया द्यावा का? घरचं वर्षाचं कडधान्य यातूनच निघतं, म्हणून नीट विचारून करायचंय.

प्रतिसाद

बांधाकडेच्या झाडांवरून अंदाज बांधू नका. त्यांना एका बाजूने ऊन मोकळं मिळतं, ओलीतही वाटेकरी कमी. विरळ झाडाला शेंगा जास्त लागतात हे खरं, पण गुंठ्याचा उतारा त्याच मापाने वाढत नाही. ओलीवरच्या वालाला पसरायला फारसा वेळ नसतो, ओळीतली रिकामी जागा तशीच राहते. मी 30 × 15 धरेन. जमत असेल तर 5 गुंठे असे, 5 गुंठे 45 वर करा आणि दोन्हीकडच्या फक्त मधल्या ओळींचे वाळलेले दाणे तोलून बघा.

युरिया नकोच. आयता नत्र मिळाला की मुळांवर गाठी कमी धरतात आणि झाड पाल्यावर जातं. त्यापेक्षा बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा. महिन्याभराने एखादं झाड मुळासकट अलगद काढून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसली तर नत्राचं काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

डीएपी सगळं टोकतानाच द्या, तेही ओळीत. आपल्या तांबड्या आम्लधर्मी मातीत फोकलेलं स्फुरद बरंचसं अडकून बसतं. बियाला मात्र चिकटू देऊ नका, दोन बोटं बाजूला आणि थोडं खोल. ओल कमी असली की खताने कोंब जळतो.

तुमची माती हलकी आहे की भारी? खाचरात ओल साधारण कधीपर्यंत टिकते?