हुर्राक म्हणजे बिअर नव्हे: 'गोव्यातले सात भारी बार' या यादीला उत्तर

मांडवीकाठ
काल इथे 'गोव्यातले सात भारी बार' अशी यादी पडली. सातपैकी सहा कळंगुट ते वागातोर पट्ट्यातले. त्याबद्दल तक्रार नाही, ज्याला जिथे नाचायचंय तिथे त्याने नाचावं. पण खाली दिलेले तीन सल्ले वाचून गप्प बसवेना. (नवख्यांसाठी: काजूच्या बोंडूचा, म्हणजे फळाचा, आंबवलेला रस एकदा गाळला की हुर्राक, तोच पुन्हा गाळला की फेणी.) एक: 'गावच्या तावेर्नात, म्हणजे छोट्या स्थानिक बारमध्ये, जाऊ नका, अस्सल म्हणून काहीही ओततात.' दोन: 'फेणीला वास मारतो, कॉकटेलमध्येच घ्या.' तीन: 'हुर्राक १५ टक्क्यांचा, म्हणजे बिअरचा थोरला भाऊ. दोन-तीन ग्लास घेऊन स्कूटर आरामात चालवता येते.'

तिसऱ्याने कुणाचा तरी जीव जाईल म्हणून आधी तो. १५ हा आकडा ग्रावचा, म्हणजे भट्टीवाल्यांच्या कडकपणा मोजायच्या मापाचा आहे, टक्क्यांचा नाही. भट्टीवर जी काचेची तरंगती नळी टाकून बघतात तिच्यावर पाणी शून्याला नसतं, १० च्या आसपास असतं. १९-२० ग्रावची फेणी ४२ ते ४५ टक्के भरते. मग १५ ग्रावचा हुर्राक १५ टक्के कसा? पंचविसाच्या आसपास जातो. ९० मिलिचे तीन ग्लास म्हणजे ३३० मिलिच्या चार पाइंट बिअरएवढं अल्कोहोल, तेही लिमकाआड लपलेलं. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर पोलिसाला लांबूनच दिसते, हे वेगळं सांगायला नको.

आता तावेर्न. काहीही ओततात, हे काही ठिकाणी खरं आहे. म्हणून तर पारखायला शिकायचं. ३० मिलि फेणी नुसती मागा, बर्फ नको. चार थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात घासा आणि अर्धा मिनिट थांबा. अल्कोहोल उडाल्यावर पिकल्या बोंडूचा वास राहिला तर ठीक. काहीच राहिलं नाही तर स्पिरिटमध्ये अर्क मिसळलाय. गुळाचा काकवीसारखा वास आला तर रस कमी पडला म्हणून आंबवणात गूळ ढकललाय. कॉकटेलमध्ये यातलं काही म्हणजे काही कळत नाही. वास लपवायचा असेल तर व्होडका प्या की, फेणी कशाला?

रात्रपाळी
यादी माझीच. ग्रावचं मान्य, नजरचूक झाली. बाकीचं नाही.

'रात्री कुठे जावं' हा प्रश्न होता. गावातलं तावेर्न साडेदहाला फळ्या लावतं, तिथे रात्र सुरू व्हायच्या आत संपते. आणि कॉकटेलचा एवढा तिटकारा असेल तर पणजीत फोंतेन्यासच्या जोसेफ बारचं काय? त्या खोलीत धड दहा माणसं मावत नाहीत, निम्मं गिऱ्हाईक गल्लीत उभं असतं. ते सगळे कशासाठी येतात? 'तांबडे रोझा'साठी. फेणी, कोकम, मिरची. कॉकटेलच ना हो ते?

शिवाय हात घासायची नाटकं करण्यापेक्षा सोपी परीक्षा आहे: चमचाभर घेऊन काडी लावा. निळी ज्योत आली की माल अस्सल.

ग्लासभर_गणित
काडीची परीक्षा कृपा करून कुणी करू नका. कडक असलं की कुठलंही मद्य पेटतं. कारखान्याचं स्पिरिट तर फेणीपेक्षा छान पेटतं, म्हणजे या परीक्षेत भेसळीला पैकीच्या पैकी गुण! मिथेनॉलची ज्योत तर उजेडात दिसतही नाही. बाटली हलवून फेस बघणाऱ्यांनाही तेच. फेणी हे नाव फेणावरून आलं असं सांगतात, पण मण्यांसारखा तो फेस किती टिकतो त्यावरून कडकपणा कळतो, शुद्धता नाही. हात घासणं त्यातल्या त्यात बरं. त्याहून खात्रीचं म्हणजे रिकामा ग्लास न धुता रात्रभर ठेवा, सकाळी हुंगा.

आता मांडवीकाठांचं गणित. धारेखालून नुकताच काढलेला हुर्राक कोमट असतो. कोमट द्रव पातळ, नळी खोल बुडते आणि ग्राव एखाद-दीडने जास्त दिसतो. म्हणजे भट्टीवरचे १५ थंड झाल्यावर साडेतेरा-चौदाच भरतात. टक्केवारी पंचवीस नाही, विसाच्या आतबाहेर. शिवाय ग्राव ठरतो धार कधी थांबवली त्यावर. सुरुवातीची धार कडक, मग उतरत जाते. ज्याला बाटल्या जास्त भरायच्यात तो उशिरा थांबवतो, चव पाणचट आणि आंबूस होते. तेव्हा 'हुर्राक इतक्या टक्क्यांचा' हे वाक्यच चूक. या भट्टीचा, या दिवशीचा, एवढंच म्हणता येतं.

मांडवीकाठ
बरं बाबा, चार नव्हे, तीन पाइंट म्हणू. आता चालवा स्कूटर.

तांबडे रोझाबद्दल: कोकमाने वास दडत नाही, मिरचीने उलट उठतो, म्हणून ते पेय जमतं. अननसाचा रस आणि साखरपाक घालून छत्री खोचलेल्या प्रकाराबद्दल मी बोलत होतो. एवढा एक अपवाद तुमच्या खात्यात जमा करा.

दोडामार्गकर
टक्के, ग्राव, तांबडं, निळं. अहो, बोंडू कुठला ते तरी विचारा! गोव्याच्या हद्दीपलीकडे दोन पावलांवर आमच्या दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यात काजूचे डोंगरच्या डोंगर आहेत. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं आमच्याच संशोधन केंद्राची. बी विकली जाते आणि बोंडू झाडाखाली सडतो, नाहीतर टेम्पोत बसून सीमेपलीकडे जातो. तिकडे तोच बोंडू 'वारसा' होतो, इकडे त्याची भट्टी लावली तर गुन्हा. मग मुंबई-पुण्याची मंडळी इन्सुलीचा नाका ओलांडून पर्यटनाला जातात आणि त्याच रसाचे फोटो टाकतात.

रात्रपाळी
विषय बारचा आहे. बोंडूसाठी दुसरा धागा काढा.

दोडामार्गकर
बोंडूशिवाय तुमचा बार चालतो का ते बघा आधी.

आगोंदवाला
दोडामार्गकर, राग रास्त आहे, पण तो गोव्यावर काढू नका. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. त्यामागे गोव्याच्या भट्टीवाल्यांनी वर्षानुवर्षं टिकवलेली रीत आहे. बोंडू तोडायचा नाही, पिकून पडलेलाच उचलायचा. कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या टाक्यात, पायांनी तुडवायचा. चोथ्याचा ढीग वेलीने बांधून वर धोंडा ठेवला की जो रस ठिबकतो तो निरो, तो ताजाच पितात. तुडवताना निघालेला रस तीनेक दिवस आंबवून भाणात (भट्टीवरच्या हंड्यात) चढवायचा, वाफ लावणीत (ती थंड होऊन जमते त्या मडक्यात) उतरली की हुर्राक. तो पुन्हा चढवला की फेणी. आंबवण एक दिवस जास्त राहिलं तर आंबट चढतं, वळवाचा पाऊस लागला तर बोंडू पाणचट होऊन रंगच जातो. तुमच्या भागात परवाना मागा, जरूर मागा. फेणी हे नाव मात्र गोव्याचं.

दोडामार्गकर
नाव नकोच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अंगावर घेऊन नावाचं काय करू? प्यायला परवाना, आणायला परवाना, कडक दारूला वय २५. तिकडे १८. आणि 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' लिहिलेली एक बाटली डिकीत सापडली की नाक्यावर पर्यटकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. 'एक चालते' असं प्रत्येकाच्या मित्राने सांगितलेलं असतं. नाही चालत.

ग्लासभर_गणित
यावर पहिल्यांदाच कुणाशी वाद नाही. विमानाने जाणाऱ्यांसाठी पुरवणी: २४ ते ७० टक्क्यांचं मद्य चेक-इन सामानात माणशी ५ लिटर चालतं, पण दुकानातलं सीलबंद हवं. पाण्याच्या बाटलीत भरून दिलेली फेणी तिथे अडते. उतरल्यावर महाराष्ट्राचा कायदा आहेच.

रात्रपाळी
झालं? आता माझ्या मूळ मुद्द्याला कुणी हात लावेल का? रात्री दहानंतर उघड्यावर मोठा आवाज बंद, हा नियम आहे. म्हणूनच पाळोळेला हेडफोन लावून नाचायचे कार्यक्रम सुरू झाले. तावेर्नवाल्यांकडे दहानंतर काय आहे?

मांडवीकाठ
झोप. ज्यांना ती नको त्यांनी क्रम उलटा लावावा. साडेसहा-सातला तावेर्न. तेव्हा मालक निवांत असतो, 'कुठल्या भट्टीची, कुठल्या साली काढलेली' विचारलं तर उत्तर मिळतं. नऊला हीच चौकशी केलीत तर खेकसतो. फेणी नुसती एकच घ्या. हुर्राक घ्यायचा तर ६० मिलि, लिंबू, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची. ती चमच्याने चेचायची नाही, चेचली की तिखट वर येतं आणि फळ मरतं. लिमका ग्लासाच्या निम्म्यावर थांबवा. मग जेवा, आणि टॅक्सीने तुमच्या सातपैकी कुठेही जा.

रात्रपाळी
तिसरा सल्ला यादीतून काढलाय. दुसऱ्यात 'कोकम असेल तर' हे शब्द घातलेत, मंडळाने समाधान मानावं. पहिला तसाच राहील. हात घासत बसायला सुट्टीत कुणी जात नाही.

आगोंदवाला
नारळाच्या फेणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, याची नोंद घ्यावी. माडी काढणारे रेंदेर माडावर चढायला उरले नाहीत, आणि वर ही उपेक्षा.

पहिलाच_प्रतिसाद
छान माहिती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जातोय. चांगला हुर्राक कुठे मिळेल?

मांडवीकाठ
कुठेही नाही. मार्च ते मे हाच त्याचा हंगाम, नंतर तो टिकत नाही, वास उडून आंबूस होतो. जुलैत कुणी आग्रहाने देत असेल तर आधी हात घासा.