जुना पीएस-४ घेतलाय, खरोखर नवी कल्पना असलेले गेम सुचवा

वडगावकर:
राम राम मंडळी. गेल्या महिन्यात एका मित्राकडून जुना पीएस-४ घेतला, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल. कंट्रोलर एकच आहे. बरोबर एक फुटबॉलचा आणि एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला होता, दोन्ही खेळून झाले. दिवसभर मागाच्या खटखटाटात असतो, रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास मिळतो. धाकटा भाऊ नववीत आहे, तो शेजारी बसून बघत असतो.

यूट्यूबवर बघावं तर सगळ्या याद्या सारख्याच. मोठं जग, घोडा, तलवार नाहीतर बंदूक, नकाशावर ठिपकेच ठिपके. चित्रं लई देखणी, पण तासाभरात हाताला कळतं की हे आपण आधी केलंय. मला त्या पिढीतले, म्हणजे २०१३ ला पीएस-४ आला तिथून २०२० पर्यंतचे असे गेम हवेत, ज्यांत एखादी गोष्ट कुणाला तरी पहिल्यांदाच सुचलीय. दोन-तीनच परवडतील, म्हणून विचारून घ्यावं म्हटलं. इंग्रजी मला वाचता येतं, सावकाश. भाऊ मराठी माध्यमातला, त्याला जड जातं.

चिकोडीचा_बाळू:
गड्या, गॉड ऑफ वॉर आणि रेड डेड रिडेम्प्शन २. दोन्ही २०१८ चे. डोळे झाकून घे. गॉड ऑफ वॉरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एकाच सलग दृश्यात दिसतं, कॅमेरा मध्ये एकदाही तुटत नाही, हे नवं नाही तर काय? रेड डेडच्या दोन डिस्क येतात, हार्ड डिस्कवर शंभर जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेव.

मलप्रभेकाठी:
बाळू, दोन्ही मी खेळलोय आणि दोन्ही मनापासून आवडलेत. पण वडगावकरांचा प्रश्न निराळा आहे. ते दोन्ही गेम आधीच्या गोष्टी फार उत्तम करतात. हातांना नवीन काम देत नाहीत.

माझं पहिलं नाव आउटर वाइल्ड्स, २०१९. छोट्याशा ग्रहावर शेकोटीपाशी जाग येते. थोड्या वेळात स्वतःचं यान मिळतं आणि पाहिजे त्या ग्रहावर जाता येतं, कुणी अडवत नाही. २२ मिनिटांनी परत त्याच शेकोटीपाशी जाग येते. असं का होतं ते इथं लिहीत नाही, स्वतःच बघा. बंदूक नाही, ताकद वाढत नाही, नवीन हत्यार मिळत नाही. एका फेरीतून दुसरीत तुमच्याबरोबर येतं ते फक्त तुम्हाला जे कळलंय ते. शेवट पहिल्याच फेरीत गाठता येण्यासारखा असतो, फक्त काय करायचं ते आपल्याला माहीत नसतं. हे मला उमगलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बसलो होतो.

एक उदाहरण देतो, याने गेममधलं गुपित फुटत नाही. दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात आणि एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतत राहते, वाळूच्या घड्याळासारखी. एकावरचे पडके वाडे उघडे पडत जातात, दुसऱ्यावरच्या गुहा बुजत जातात. म्हणजे कुठं जायचं एवढंच पुरत नाही, कितव्या मिनिटाला पोचायचं तेही बघावं लागतं. याची सुरुवात अ‍ॅलेक्स बीचम यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून झाली आणि पुढं त्याचा पूर्ण गेम झाला.

आमच्याकडं खानापूरला जून लागला की लाईटीचा भरवसा नाही. या गेमला त्याचा त्रास कमी, लाईट गेली तर फार तर ती एक फेरी जाते. तरी इन्व्हर्टरवरच लावा. चालू असताना लाईट गेलेली कुठल्याच कन्सोलच्या हार्ड डिस्कला सोसत नाही.

वडगावकर:
हे पाहिजे होतं. पण वाचायला लई असणार ना यात?

मलप्रभेकाठी:
होय, भरपूर. भिंतीवरची लिखाणं वाचतच पुढं जायचं असतं. पण घाई नसते, २२ मिनिटं संपली तरी वाचलेलं यानाच्या नोंदवहीत राहतं.

निपाणीची_अक्का:
मी एकच सांगते, व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच, २०१७. दोन-तीन तासांत संपतो. एका घराण्यातली माणसं कशी गेली याची गोष्ट आहे. प्रत्येक माणसाचं प्रकरण वेगळ्याच रीतीने खेळायचं.

त्यात लुईस म्हणून एक जण आहे, मासळीच्या कारखान्यात कामाला. कंट्रोलरच्या उजव्या काडीने मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, डोकं उडालं की पट्ट्यावर टाकायचा. परत दुसरा. हे चालू असताना त्याच्या मनात एक राज्य उभं राहतं आणि डाव्या काडीने त्या राज्यात चालायचं. मनातलं चित्र हळूहळू वाढत जाऊन सगळा पडदा झाकून टाकतं. खाली उजवा हात मासे कापतच असतो, आपण बघतही नाही.

माझी आत्या निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हात एकदाही चुकायचे नाहीत, आणि ती कुठंतरी लांब गेलेली असायची. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला यायची. लहानपणी मला वाटायचं, आत्याला कमी ऐकू येतं. ते प्रकरण खेळताना पहिल्यांदा कळलं ती कुठं जात होती. कुणी सांगून कळलं नसतं, माझेच दोन हात दोन कामांत होते म्हणून कळलं.

भावाला शेजारी बसवून खेळू नकोस. लहान मुलांचे मृत्यू आहेत त्यात. आधी तू एकटा खेळ.

चिकोडीचा_बाळू:
अक्का, वाचून गप्प झालो.

बरं, नवी कल्पनाच पाहिजे तर माझ्याकडनं मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डोर, २०१४. मारामारीचाच आहे, पण ज्या साध्या शिपायानं तुम्हाला मारलं त्याला बढती मिळते, आणि पुन्हा गाठ पडली की तो तुम्हाला ओळखतो. तुम्ही त्याला जाळलं असेल तर जळक्या तोंडानं परत येतो. कुणी लिहून ठेवलेली गोष्ट नाही, तुमच्या हरण्यातनं शत्रू तयार होतात. पुढं त्या पद्धतीचं अमेरिकेत पेटंटच घेतलं, त्यामुळं दुसऱ्या गेमांत ती फारशी दिसत नाही. जुनी डिस्क स्वस्तात मिळते.

फळा_खडू:
वडगावकर, मी मराठी शाळेत शिकवतो, त्यामुळे तुमच्या भावाचं जास्त मनावर घेतलं.

त्याच्यासाठी जर्नी. मूळचा २०१२ चा, पीएस-३ वरचा, २०१५ मध्ये पीएस-४ वर आला, म्हणजे तुमच्या अटीत जेमतेम बसतो. वाळवंटातून लांबच्या डोंगराकडे जायचं. वाटेत दुसरा एक प्रवासी भेटतो, तो जगात कुठंतरी बसलेला खरा माणूस असतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. थंडीत एकमेकांना चिकटून चालायचं, पुढं गेलेल्यासाठी थांबायचं. तो कुठल्या गावचा, कुठल्या भाषेचा, काही कळत नाही आणि काही अडतही नाही. नावं दिसतात ती अगदी शेवटी. आपल्या सीमाभागात पाटीवरची अक्षरं मराठी की कन्नड यावरूनही वातावरण तापतं, त्यामुळे असेल, पण मला तो अर्धा तास सोबत चाललेला अनोळखी माणूस अजून आठवतो.

शब्दांवाचूनचा आणखी एक म्हणजे इनसाइड, २०१६, पण तो भीतीदायक आहे.

आता तुमच्या दोघांसाठी. रिटर्न ऑफ द ओब्रा दिन, २०१८, कन्सोलवर २०१९. लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने केलेला. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत येतं, वर जिवंत कुणी नाही. आपण विम्याचे निरीक्षक. जहाजावर ६० माणसं होती, त्यातला प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं ते वहीत भरायचं. हातात एक घड्याळ असतं. मृतदेहापाशी ते उघडलं की मरणाआधीचे चार शब्द ऐकू येतात, मग तो क्षण गोठून उभा राहतो आणि आपण त्यात फिरून बघायचं. सगळं चित्र जुन्या संगणकासारखं दोनच रंगांत, ठिपक्यांनी काढलेलं.

नाव क्वचितच कुणाच्या तोंडून ऐकू येतं. कुणाच्या अंगात कुठला कोट आहे, कोण कुणाच्या टेबलावर जेवतो, आणि मुख्य म्हणजे कोण कसा बोलतो, यावरून ओळखायचं. खलाशांच्या यादीत प्रत्येकाचा देश दिलेला आहे, भारतातलेही आहेत. तीन माणसांची माहिती पूर्ण बरोबर भरली की गेम ते तिन्ही पक्के करतो, त्यामुळे अंदाजाने ठोकून चालत नाही.

मी हा तुम्हाला का सांगतोय तर हे काम आपण रोज करतो. बसमध्ये मागच्या सीटवर कुणी दोन वाक्यं बोललं की हा निपाणीकडचा, हा खानापूरचा, ही बाई धारवाडकडून आलेली, घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी, हे मान न वळवता कळतं. तो कान इथं कामी येतो. आणि भावाला शब्द कळले नाहीत तरी बोलण्याची लय कळेल. वही-पेन त्याच्याकडे द्या.

मलप्रभेकाठी:
सरांशी पूर्ण सहमत. डेथ स्ट्रँडिंगचंही (२०१९) नाव राहू दे. पाठीवर ओझं घेऊन डोंगर उतरायचा, दोन्ही हातांनी तोल सांभाळत. भाताचे भारे घेऊन ओल्या बांधावरनं गेलेल्याला ते लगेच जमतं. नेट जोडलेलं असलं तर दुसऱ्या खेळणाऱ्यांनी लावलेल्या शिड्या आणि पूल तुमच्या वाटेवर दिसतात. पण लई लांबण आहे, आत्ता घेऊ नका.

चिकोडीचा_बाळू:
आणि पुण्यात तयार झालेला राजी? २०२० चा.

निपाणीची_अक्का:
राजी खेळलेय. जुन्या लघुचित्रांसारखी चित्रं आणि बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेली गोष्ट फार सुंदर आहे. लढाईची पद्धत ओळखीचीच आहे. तरी एकदा घ्यावा, आपल्या माणसांचा आहे. वडगावकर, दुसरा कंट्रोलर घेतलास की इट टेक्स टू बघ. २०२१ चा आहे, पण पीएस-४ वर चालतो आणि एकट्याने खेळताच येत नाही.

वडगावकर:
दीड महिन्यानं लिहितोय. आउटर वाइल्ड्स आणि ओब्रा दिन घेतले, जर्नी सेलमध्ये मिळाला. आउटर वाइल्ड्स मी एकटा रात्री खेळतो, त्याबद्दल संपल्यावरच लिहीन. जर्नीत भावाला जो सोबती भेटला तो बर्फात मागं राहिला, तेव्हा भाऊ परत खाली उतरून त्याला आणायला गेला. मी काही बोललो नव्हतो.

ओब्रा दिनची वही त्याच्याकडंच आहे. सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मी खालची अक्षरं वाचत बसतो आणि तो डोळे मिटून म्हणतो, हा आणि मघाचा एकाच गावचे आहेत. २१ माणसं पक्की झालीत. आता शिडावर चढणारे खलाशी सगळे सारखेच दिसायलेत. नाव सांगू नका, फक्त कुठं बघायचं तेवढं सांगा.

फळा_खडू:
टांगलेल्या बिछान्यांच्या दृश्यात परत जा. बिछान्यांवर आकडे आहेत, यादीतही आहेत. बाकी भावावर सोडा.

वडगावकर:
२४. त्यानंच शोधले, पायांतले बूट बघून.