मदत हवी आहे: घरच्या दुर्बिणीला कॅमेरा लावला की फोकसच मिळत नाही

मंडळी, ६ इंची एफ/८ (फोकल लांबी व्यासाच्या आठपट) आरसा स्वतः घासून डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) बनवली आहे. पीव्हीसी पाईप, प्लायवूडचा डबा, खाली टेफ्लॉनचे तुकडे. २५ मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) शनीची कडी स्वच्छ दिसतात, म्हणजे आरसा बरा जमलाय. घोडं अडलंय ते डीएसएलआरपाशी. फोकसर (आयपीस धरणारी, आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत घेतला तरी चंद्र म्हणजे नुसता पिठाचा गोळा!

काल आयपीस काढून तिथे ट्रेसिंग पेपर धरला. आत घेतलेल्या फोकसरच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटिमीटर वर चंद्र एकदम रेखीव उमटला, विवरांसकट. पण कॅमेऱ्याचा सेन्सर माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) ४४ मिमी मागे, वर अडॅप्टरचे १० मिमी. म्हणजे तीनेक सेंटिमीटर कमी पडतायत.

मुख्य आरसा तेवढा वर सरकवावा, की सरळ बार्लो (फोकस बाहेर ढकलणारं, प्रतिमा मोठी करणारं भिंग) घ्यावी? २एक्स बार्लोने चंद्राची प्रतिमा ११ची २२ मिमी होईल, माझ्या सेन्सरची उंची १५. अर्धवट चंद्र नको वाटतो. आरसा सरकवला तर ३५ मिमीचा दुय्यम आरसा (प्रकाश फोकसरकडे वळवणारा छोटा तिरपा आरसा) पुरेल ना? आणि मग फोकस बाहेर गेल्यावर आयपीससाठी जोडनळी कशाची करता तुम्ही?

पाईपला नवी भोकं पाडण्याआधी विचारतोय. आधीची दोन वाकडी पडलीत. कोजागरीला गच्चीवर सगळी आळी जमते, तोवर जमवायचंय. (पौर्णिमेला सावल्या नसतात, ठाऊक आहे. पण माणसं त्याच दिवशी येतात!)