मदत हवी आहे: दत्तक आलेल्या पणजोबांचं जन्मघर शोधायचंय (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,
माझे पणजोबा लहानपणी करवीर तालुक्यातल्या आमच्या घरी दत्तक आले. मोडीतलं दत्तकपत्र घरात आहे. त्यावर फसली (जुन्या महसुली कालगणनेतलं) १३१७, म्हणजे ५९० मिळवून १९०७-०८ साल. जनक बापाचं नाव लागतं, आडनावही आमचंच दिसतं, पण गावाच्या नावावर नेमकी घडी येऊन कागद विरलाय. नुसतं 'कसबे' एवढंच उरलंय. आता बावडा, बीड, सांगाव, तारळे, वाळवे... आपल्या जिल्ह्यात कसबे काय थोडी आहेत?

आमच्या गावच्या हेळव्यानं (पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारा) वंशावळ घडाघडा म्हणून दाखवली, पण ती दत्तक घराची. जनक घराण्याचं गाव त्याच्याकडे नाही.

म्हणून डीएनए चाचणीचा विचार करतोय. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे ती चाचणी बाबांची करता येईल. पण आडनाव एकच, म्हणजे दत्तक भावकीतलंच असणार. तसं असेल तर दोन्ही घरांचं वाय एकच निघेल आणि त्यातून काहीच उलगडणार नाही. मला ऑटोसोमल (आई-बाप दोघांकडून येणाऱ्या बाकीच्या गुणसूत्रांची) चाचणी जास्त उपयोगाची वाटते, आणि तीही माझी नाही, आत्याआजीची. ती पणजोबांची सख्खी लेक, वय ८८. तिच्यात त्यांचा निम्मा डीएनए आहे, माझ्यात सरासरी साडेबारा टक्केच. तिला विचारलं तर लगेच म्हणाली, "कर बाबा, माझ्या बाऽचं घर एकदा बघायचंय मला." तिच्या हयातीत हे व्हावं, एवढीच माझी धडपड आहे.

चाचणी केली तरी जुळायला समोरच्या घरातलं कुणीतरी हवंच, म्हणून आधी गाव कळायला पाहिजे. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून तहसिलांतली मोडी दप्तरं बाहेर निघाली आहेत. ती वाचणाऱ्यांपैकी इथे कुणी आहे का? या कसब्यांची त्या काळातली कोतवाल बुकं, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, कुठे बघायला मिळतील? मूल दत्तक गेल्याची नोंद जनक गावच्या कागदांत होत असे का? या गावांना येणाऱ्या हेळव्यांचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. आणि नातेवाइकांच्या जुळण्या दाखवणारी, कच्चा डेटा हातात देणारी चाचणी कुणी इथून करून घेतली असेल, तर वयस्कर माणसाची लाळ पुरेशी निघते का तेही कळवा. तिचं तोंड सारखं कोरडं पडतं.