मदत हवी आहे: जांबोटी-कणकुंबीकडचा सीझन बुकिंगवरून कसा मोजावा?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आम्ही काही घरं होमस्टे चालवतो. पावसाळ्यातला कुठलाही शनिवार बघा, चोर्ला रोडवर गाड्यांची रांग आणि आमच्याकडं 'रूम आहे का' म्हणून फोनवर फोन. हे बघून गावातली पोरं कर्ज काढून नवीन खोल्या बांधायला निघालीत. त्यांना अडवायचं नाही. पण बँकेचा हप्ता बारा महिने भरायचा असतो, आणि ही गर्दी वर्षातून नेमकी किती दिवस टिकते हे कुणालाच धड सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांची बुकिंगं आणि दर एकत्र मांडायचं ठरलंय. वही माझ्याकडं आहे.

सुरुवातीला वाटलं, किती खोल्या भरल्या एवढं लिहिलं की झालं. ते पुरत नाही. समजा १० खोल्या, ३० दिवस, म्हणजे विकायला ३०० रात्री. त्यातल्या १२० रात्री २००० रुपयांनी गेल्या तर भरणा, म्हणजे भरलेल्या रात्रींचं प्रमाण, ४० टक्के आणि जमा २,४०,००० रुपये. दुसऱ्या महिन्यात दर १२०० केला आणि १८० रात्री गेल्या. भरणा ६० टक्के, गाव म्हणतं धंदा वाढला. जमा मात्र २,१६,०००. ही जमा विकलेल्या नाही तर सगळ्या ३०० रात्रींनी भागली की पहिल्या महिन्यात ८०० आणि दुसऱ्यात ७२० येतात. हॉटेलवाले याला रेव्हपार म्हणतात. पोरांना मी हाच आकडा दाखवतोय. बरोबर आहे ना?

ऑनलाइन कॅलेंडर बघून अंदाज काढायचाही प्रयत्न केला. पण घरात बारसं असलं की मालक स्वतःच तारीख बंद करतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती बुक झालेली दिसते. एकच घर दोन-तीन ठिकाणी टाकलेलं असतं, ते दोनदा मोजलं जातं. दिसणारा दर हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. शिवाय आमच्याकडचे गोव्याचे, हुबळीचे, बेळगावचे पाहुणे बहुतेक फोनवरच ठरवतात. ते ऑनलाइन कुठंच दिसत नाहीत.

सगळ्यात किचकट भाग बेळगाव शहराचा. आमच्या आकड्याशी ताडून बघायला शहरातल्या लॉजचे आकडे घ्यावेत म्हटलं, तर डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार यांनी खोल्या भरतात आणि दर चढतात. त्यात पर्यटन काय? एरवीही लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात पेशंट असलेले नातेवाईक, मराठा लाइट इन्फंट्रीच्या कसम परेडला आलेले आईबाप, सगळे त्याच खोल्यांत. माझ्याच वहीत एका पानावर ओळीनं असं आहे: 'म्हापसा, २ रूम, धबधबा'. 'हुबळी, १ रूम, साखरपुडा'. 'बेळगाव, ३ रूम, टॉवरचं काम'. तिन्ही रात्री सारख्याच धरायच्या का?

आणि उलटं उदाहरण सौंदत्तीचं. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडून यल्लम्माच्या डोंगरावर एवढी माणसं येतात, गाडीजवळ चुली मांडून तिथंच मुक्काम करतात. लॉजच्या रजिस्टरवरून त्यांतली किती कळणार? गोकाकचा धबधबा बघून संध्याकाळी घरी परतणारेही तसेच सुटतात.

कुणी असं काम केलं असेल तर सांगा. अजून एक अडचण आहे: काही घरं दर सांगायला तयार नाहीत.

प्रतिसाद

कोल्हापुरात हॉटेलचं फ्रंट ऑफिस सांभाळतो. रेव्हपार बरोबर काढलाय. फक्त जमा धरताना जेवणाचे पैसे आणि जीएसटी बाजूला काढा, निव्वळ खोलीचं भाडं घ्या. नाहीतर जेवणासकट पॅकेज देणाऱ्या घराचा दर उगाच जास्त दिसेल.

तिन्ही रात्री भरण्यात धरा, पण वहीत 'कशासाठी आले' असा एक रकाना कायमचा ठेवा. कर्ज फेडायला साखरपुड्याचे पैसेही चालतात. पर्यटन किती ते सांगताना मात्र तेवढ्या रात्री वगळा. शनिवार-रविवार आणि मधले दिवस वेगळे मांडा, तुमच्या पोरांना खरं उत्तर मंगळवार-बुधवारच्या रकान्यातच मिळेल.

महिन्याला महिना ताडू नका. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळं १४ सप्टेंबरला येतात. दिवाळीही ऑक्टोबरातून नोव्हेंबरात जाते. सणाच्या आठवड्याशी सणाचाच आठवडा ताडा.

दर न सांगणाऱ्यांकडून दर मागूच नका. महिन्याचे तीनच आकडे घ्या: विकायला किती रात्री होत्या, किती गेल्या, भाडं किती जमलं. परत देताना फक्त सगळ्यांची बेरीज द्या. मोठ्या हॉटेलांचे आकडे गोळा करणारी अमेरिकेतली एसटीआर ही कंपनी याच रीतीनं चालते.

सौंदत्तीसाठी खोल्या सोडा. एसटीच्या जादा गाड्या आणि पार्किंगच्या पावत्या बघा.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. कारणाचा रकाना आजच आखला. मधल्या वारांचं मागचं पान उलगडून बघितलं, जून ते सप्टेंबरातसुद्धा बरंच रिकामं आहे. पोरांना रविवारी बसवून दाखवणार. आता एवढंच सांगा: वनखात्यानं धबधब्याकडं जायला बंदी घातली की त्या आठवड्यातली बुकिंगं रद्द होतात. ॲडव्हान्स आम्ही परत करतो. त्या रात्री 'विकायला होत्या' यात धरायच्या की नाही?