मदत हवी आहे : ‘द आइस स्टॉर्म’ दाखवण्याआधी काय आणि कुणाला सांगावं?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा पंधरा-वीस जणांचा सिनेमागट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, सिनेमा बघतो, मग चहा आणि गप्पा. या खेपेला अँग ली यांचा ‘द आइस स्टॉर्म’ (१९९७) लावतोय. आधीची पाच मिनिटं मला बोलायचंय आणि दोन ठिकाणी अडलेय.

एक म्हणजे शब्द. गोष्ट १९७३ ची, अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या न्यू केनानची. टिपणात मी ‘उपनगरातली दोन कुटुंबं’ असं लिहिलं. ते वाचून गटातले एक काका म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखीच की!" रेल्वेने न्यूयॉर्कला जाणं-येणं एवढंच काय ते आपल्यासारखं. बाकी तिथे शेजाऱ्याकडे जायचं तर पाचोळा तुडवत रानातून जावं लागतं. घरांच्या भिंती जागोजागी काचेच्या (वास्तुविशारद फिलिप जॉन्सनचं १९४९ चं प्रसिद्ध काचघर याच गावात आहे). शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या आम्हाला ही शांतता आधी कानांना जाणवायला हवी. ‘उपनगर’ म्हटलं की सकाळची फास्ट लोकलच डोळ्यांपुढे येते. ‘बंगल्यांची कॉलनी’ जरा जवळ जातं, पण त्यात ते रान नाही. सरळ ‘सबर्ब’च ठेवू का?

त्यातली चाव्यांची पार्टी मी एका वाक्यात आधीच सांगून टाकणार आहे. नवऱ्यांनी गाडीची चावी भांड्यात टाकायची, बायकांनी एकेक उचलायची आणि ज्याची चावी निघेल त्याच्यासोबत जायचं. लोक त्यातच अडकून पडायला नकोत. माझ्या लेखी हा सिनेमा त्या पार्टीचा नाहीच. त्यातल्या एका घरातली आई एलेना. तिला रस्त्यात सायकलवरून जाणारी आपली मुलगी दिसते, पुढे ती स्वतः सायकल काढते आणि औषधांच्या दुकानात लिपस्टिक चोरताना पकडली जाते. मुलीनेही तिथेच चोरी केलेली असते. आणि तिचा नवरा, बेन. शेजारणीशी लपूनछपून संबंध ठेवणारा हा बाप, मुलीला शेजारच्या मुलासोबत पकडून घरी आणताना तिचे पाय गारठलेत का विचारतो आणि तिला उचलूनच घेतो. एवढी घोडी झालेली पोर मुकाट्याने बापाच्या खांद्याला बिलगते. त्या घरात माया कुणाच्या मनातून गेलेली नाही, ती दाखवायची कशी तेच सगळे विसरलेत. मला बोलायचंय ते यावर.

आता खरी अडचण. (पुढे शेवट सांगतेय, सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.)

वादळाच्या रात्री शेजाऱ्यांचा मोठा मुलगा, मायकी, बाहेर भटकत असतो. झाडं, रस्ते, तारा, सगळ्यावर बर्फाचं कवच. तो रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर बसतो, तुटलेली विजेची तार त्या कठड्याला लागते आणि तो जागच्या जागी जातो. सकाळी बेन त्याला उचलून त्याच्या घरी आणतो. मग स्टेशनवरून आपल्या मुलाला घ्यायला गेलेला बेन गाडीत सगळ्यांदेखत रडू लागतो. तिथेच सिनेमा संपतो.

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्यानंतर वर्षभर त्या आल्या नव्हत्या. आता येतात, पुढच्या खुर्चीवर बसतात, शेवटपर्यंत थांबतात. सगळ्यांसमोर सांगितलं तर इतरांचा शेवट फुटतो आणि नजरा काकूंकडे वळतात. एकटीला फोन करून सांगितलं तर ‘तुम्ही येऊ नका’ असं ऐकू जाईल का? आणि न सांगता लावणं मला जमणार नाही. सिनेमाच बदलावा असं यजमानीणबाई म्हणतात. मला ते पटत नाही, काय बघायचं ते काकूंना ठरवू द्यावं असं वाटतं.

अशा वेळी तुमच्यापैकी कुणी काय केलंत? फोन केला असेल तर पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं जरूर लिहा. सिनेमा रविवारी संध्याकाळी आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं तर काकूंशी निवांत बोलता येईल.